काळी एक

सांगलीच्या नाटकमंडळीतले अवधानी सर आले,
काखेत पुठ्ठ्याची नळी.
"दस्तगीरभाई, ढाल पाहिजे. रोमची. उतरत्या काळातली."
मी म्हटलं, गल्ली चुकलात सर,
इथं तंबोरे होतात.
ते म्हणाले, आडनाव शिकलगारच ना?

आडनावाला काय उत्तर द्यायचं.
आजोबांच्या आजोबांनी तलवारींना धार लावली,
मग कामं यायची थांबली
आणि सहाणेवरचे हात भोपळ्याकडं वळले.
घरात एवढंच सांगतात. बाकीचं पॉलिशखाली गेलं.

कागद उलगडला.
सिनेमातली ती पन्हळीसारखी वाकलेली, चौकोनी ढाल नव्हती.
अंडाकृती. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत,
उथळ परातीइतकी खोलगट.
फळ्या कडेला कड लावून नुसत्या सरसानं चिकटवलेल्या,
मधे जाड, काठाकडं पातळ होत गेलेल्या.
"खिळे?"
"फक्त मधल्या टोपाला."
हे मला कळलं.
तबली तासताना हाताला असलंच वळण लागतं.

पांगाऱ्याच्या सात फळ्या घेतल्या. तून जड झालं असतं,
आणि हे कुणीतरी दिवसभर डाव्या हातानं पेलणार.
सरस रात्रभर भिजवला,
पाण्याच्या डब्यात डबा ठेवून वितळवला.
घरभर तो वास.
तहसीन नाक दाबून म्हणाली, अब्बा, लढाई सुरू झाली का?

कातडं मालगावच्या लहू सातपुतेकडनं. तो हलग्या मढवतो.
शेळीचं, ओलं, पुढून आणि मागून.
लहू म्हणाला, तू ओढू नकोस, ते आपणच ओढतंय.
काठाला आरीनं भोकं पाडली, बोटाबोटावर,
कच्च्या चामड्याची पट्टी दुमडून शिवली,
दोन दिवस सावलीत.
तिसऱ्या पहाटे खोलीत कट् असा आवाज झाला.
उठून बघितलं. सांधा कुठला, बोटाला सापडेना.

तिकडं म्हणे सरकारी कारखाने होते,
एका मापाच्या शेकडो ढाली.
बसत असेल तिथं एखादा, ज्याला लढाईतलं काही कळत नाही
पण सरस किती आटवायचा ते कळतं.

टोप लोखंडी, उपड्या वाटीसारखा.
त्याच्यामागं लाकडाला गोल खिडकी, खिडकीवर आडवी मूठ.
मूठ धरली की पंजा त्या वाटीत जातो.
मी हात घातला आणि तसाच बसून राहिलो.
एवढ्या थोरल्या वस्तूत पोकळी ती काय, मुठीएवढी.
आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती.

रंग लाल, मधे पिवळी कडी.
नक्की असंच होतं का, विचारलं.
सर म्हणाले, जुन्या पोथीत चित्रं आहेत,
नकलेची नक्कल, तिची नक्कल, देव जाणे.
मग काठानं मी आमचा वेल काढला,
तंबोऱ्यावर काढतो तोच. पान, कळी, पान.
सर बघत राहिले.
म्हणाले, राहू द्या. वेलही असायचे.

"उद्या टेम्पो पाठवतो," म्हणून उठले,
आणि उंबऱ्यात चप्पल शोधता शोधता बोलले,
हल्ल्याआधी ते शिपाई ढाल तोंडासमोर धरायचे म्हणे.
अगदी खालच्या सुरात सुरुवात.
आवाज ढालीवर आदळून फुगत जायचा,
ओढ्याला वरनं पाणी यावं तसा.

हे आधी सांगायचं होतं हो सर.

रात्री दुकानाची फळी ओढून घेतली.
ढाल तोंडासमोर धरली, खालचा सा लावला.
आधी माझाच आवाज, खरखरीत, म्हाताऱ्याचा.
मग पांगारा हलला. कातडं हललं.
मुठीएवढी ती जागा भरली,
आणि भिंतीला टेकलेल्या एका तंबोऱ्यात,
कुणी हात लावला नव्हता त्याला,
जोडीच्या तारा बोलायला लागल्या.

वाद्य झालं की आतल्या अंगाला आम्ही पेन्सिलीनं पट्टी लिहितो.
ढालीच्या आत, मुठीच्या शेजारी, लिहिली.
मिरज. काळी एक.
किंचित उतरलेली.